घरात आणलेला मिनी गुलाब दर जानेवारीत का वाळतो?

दर वर्षी तेच. सप्टेंबरच्या शेवटी डेकवरचा मिनी गुलाब घरात आणायचा, तेव्हा तो कळ्यांनी भरलेला असतो. दिवाळीपर्यंत खालची पानं पिवळी पडायला लागतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला एखादं फूल मिळालं तर मिळालं. संक्रांतीला लाडू वळता वळता खिडकीकडे नजर जाते तेव्हा कुंडीत नुसत्या काटक्या उरलेल्या असतात.

आम्ही कॅनडात, ऑंटारिओतल्या किचनरला राहतो. पहिल्या तीन हिवाळ्यांत माझे पाच गुलाब असे गेले. दर वेळी मी मनाशी म्हणायचे की इथली थंडीच मेली वाईट, त्याला ती सोसत नाही. मग कुंडी आणखी उबेला सरकवायचे. चौथ्या वर्षी नीट लक्ष देऊन पाहिलं तेव्हा कळलं की गुलाब मरत होते ते उबेने. उबदार, कोरडं आणि अंधारं घर त्यांना सोसत नव्हतं. आता तीन हिवाळे माझी सगळी झाडं जगली आहेत. त्यात काय काय बदललं ते इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडच्या गुलाबाच्या सवयी घेऊन इथे आलेल्या प्रत्येकाची चूक साधारण त्याच जागी होते.

माझी चूक नाशिकहून आली होती. फोनवर आत्या दर वर्षी विचारायची, "अगं, दसरा झाला, छाटणी केलीस का? चांगली हातभर उतरव. शेणखत घाल दोन मुठी, आणि उन्हात ठेव म्हणजे झालं." तिचं एक अक्षर चुकीचं नाही, नाशिकसाठी. तिथे पाऊस संपतो, स्वच्छ ऊन पडतं, हवेत गारवा येतो आणि गुलाबाचा खरा हंगाम सुरू होतो. डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवससुद्धा तिथे सुमारे ११ तासांचा असतो आणि दुपारी सूर्य चांगला वर चढतो. किचनरला २१ डिसेंबरचा दिवस ९ तासांपेक्षाही किंचित लहान असतो. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंश वर येतो, आणि आठवड्यातले निम्मे दिवस तर तो ढगांच्या मागेच असतो. अशा उजेडात छाटणी केली आणि खत घातलं की झाड साठवलेलं सगळं अन्न खर्चून नवी फूट काढतं. ती फूट लांब, बारीक, फिकट निघते, पोसायला उजेड नसतो, आणि महिनाभरात झाड रिकामं होतं. म्हणून आत आणताना छाटणी नको. वाळकी फांदी आणि सुकलेली फुलं तेवढी काढा. पानं जपा.

आता तुमच्यासमोर आधीच काटक्या झालेली कुंडी असेल तर ती टाकून देऊ नका. अंगठ्याच्या नखाने बुंध्याजवळची साल हलकेच खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं लागलं तर आणखी खाली, अगदी मातीला टेकून खरवडा. मी टाकून दिलेल्या पाचपैकी किमान दोन तरी जिवंत असणार, असं आज वाटतं.

इथे आपल्याकडची आणखी एक सवय आड येते. आपल्या नर्सरीतला मोठा गुलाब सहसा डोळा भरलेला असतो, म्हणजे खाली रानटी खुंट आणि वर कलम. म्हणून लहानपणापासून शिकवलेलं असतं की खालून मातीतून येणारी फूट लगेच काढून टाकायची, ती जंगली. सुपरमार्केटात मिळणारे हे मिनी गुलाब बहुतेक स्वतःच्या मुळांवर वाढवलेले असतात, थेट छाट लावून. त्यांना खुंट नसतो. वरचं सगळं वाळलं आणि मातीतून एक लालसर कोंब वर आला तर तो तोच गुलाब आहे. त्याला हात लावू नका.

त्या कुंडीबद्दल आणखी एक. बुंध्याशी बोटाने माती बाजूला केलीत तर दिसेल की ते एक झाड नाही. दहा सेंटीमीटरच्या कुंडीत बहुधा चार छाट लावलेले असतात, कधी तीन, कधी पाच. दुकानात ती कुंडी भरगच्च दिसावी म्हणून. चार झाडांच्या मुळांची एवढ्याशा जागेत झोंबाझोंबी चाललेली असते, आणि मधल्या पानांतून वारं फिरत नाही. एक मेलं की आपल्याला वाटतं, सगळा गुलाब गेला. ती वेगळी करायची, पण हिवाळ्यात नको. मे महिन्यात कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास ठेवून मुळं हलक्या हाताने सोडवा आणि प्रत्येकाला जेमतेम मोठी कुंडी द्या. हौसेने मोठी कुंडी दिली की माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात.

आता खऱ्या शत्रूकडे येते. घरातले मिनी गुलाब सगळ्यात जास्त कशाने जात असतील तर लाल कोळी नावाच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या जिवाने. मला तो दोन वर्षं दिसलाच नाही. मला वाटायचं पानं पाण्यावाचून फिकी पडताहेत, म्हणून आणखी पाणी घालायचे. तिसऱ्या हिवाळ्यात सिंकवरच्या दिव्याखाली एक पान उलटं धरलं. वरून त्यावर सुईच्या टोकाएवढे असंख्य पिवळट ठिपके होते, कुणी रवा शिंपडावा तसे. खालून शिरेच्या कडेला राखेसारखी धूळ, आणि पान व देठ यांच्या बेचक्यात एक धागा, इतका बारीक की दिव्यासमोर तिरका धरला तरच चमकायचा. त्या धाग्यावरून एक कण चालत गेला.

तुम्हीही तपासून बघा. पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीला दोन टिचक्या मारा. पडलेले कण दहा सेकंद बघत राहा. धूळ जागच्या जागी राहते, कोळी चालायला लागतो. बोटाने पुसलात तर तांबूस रेघ उमटते.

हा जीव अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो. तो कीटक नाही, आठ पायांचा आहे, आणि म्हणूनच दुकानातली अनेक कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाने तर कोळी वाढल्याचा अनुभव शेतकऱ्यांनाही आहे. त्याला हवी असते कोरडी, उबदार हवा. २७ अंशांच्या वर अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडाभर पुरतो, गार खोलीत दोन-तीन आठवडे लागतात. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. गरम हवा येणाऱ्या जाळीवर ठेवलेली कुंडी म्हणजे त्याच्यासाठी उन्हाळाच.

आणि जाळी नेमकी कुठे असते? इथल्या घरांत फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, गरम हवा येते ती जमिनीतल्या जाळ्या बहुतेक खिडकीच्या खालीच असतात, काचेचा गारवा मोडावा म्हणून. आपण उजेडासाठी कुंडी खिडकीत ठेवतो आणि खालून दर वीस मिनिटांनी वाळवंटातला वारा पानांवर येतो. मी पहिली दुरुस्ती केली ती हीच. जाळीवर लावायचं प्लास्टिकचं वक्र झाकण मिळतं, हवा खोलीच्या बाजूला वळवणारं. ते बसवलं आणि खिडकीतल्या पानांची थरथर थांबली.

कोळी दिसला तर बाकीच्या कुंड्यांपासून ती कुंडी त्याच दिवशी वेगळी करा. माती प्लास्टिकच्या पिशवीने बांधून टाका, कुंडी न्हाणीघरात न्या, आडवी-उलटी धरा आणि हँडशॉवरने पानांच्या खालच्या बाजूवर कोमट पाण्याचा चांगला जोरदार फवारा मारा. वरून कितीही धुतलंत तरी उपयोग नाही, तो खाली बसलेला असतो. हे एकदा करून भागत नाही. अंडी पानाला चिकटून राहतात आणि काही दिवसांनी फुटतात. दर तीन-चार दिवसांनी, सलग तीन आठवडे धुवायचं. मी कॅलेंडरवर खुणा करते, कारण दुसऱ्या आठवड्यात झाड छान दिसायला लागतं आणि हात ढिला पडतो. नेमक्या तिथेच तो परत येतो.

धुण्याच्या जोडीला कीटकनाशक साबणाचा फवारा चांगला, पण आमच्या भागात त्यात एक मेख आहे. किचनर-वॉटर्लूचं पाणी मुख्यतः जमिनीखालून येतं आणि भलतंच जड आहे. किटलीच्या तळाशी आठवड्यात पांढरा थर धरतो. जड पाण्यात साबण फाटतो, त्याचा साका होतो आणि फवाऱ्यात ताकदच राहत नाही. मी दोन बाटल्या साबण असा वाया घालवला. आता फवाऱ्यासाठी डिस्टिल्ड पाणी आणते, नाहीतर मागच्या अंगणातला स्वच्छ बर्फ बादलीत भरून घरात वितळू देते. रस्त्याच्या किंवा ड्राइव्हवेच्या कडेचा बर्फ अजिबात घेऊ नका, त्यात मीठ असतं.

पाण्याच्या जडपणामुळे इथे घरोघरी वॉटर सॉफ्टनर असतो, आणि त्यातून गुलाबांना दुसरा फटका बसतो. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडतो. आपल्या केसांना ते पाणी बरं, कुंडीतल्या मुळांना नाही. पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात, आधी टोक, मग कड, आणि मधला भाग हिरवाच राहतो. कोळ्याचे ठिपके असे नसतात, म्हणून दोन्हीत गल्लत होऊ देऊ नका. काही घरांत स्वयंपाकघरातला गार नळ सॉफ्टनरला वळसा घालून येतो. तुमच्याकडे आहे का, हे बेसमेंटमध्ये पाइपचा माग काढला की कळतं. आमच्याकडे नव्हता. हिवाळ्यात मी झाडांना फक्त वितळवलेल्या बर्फाचं पाणी घालते, खोलीच्या उबेला आल्यावर. बादलीभर बर्फाचं पाणी फार थोडं होतं, तेव्हा दोन बादल्या भरा.

किती पाणी घालायचं? ठरावीक वार ठरवून घालू नका. कुंडी उचलून बघा. भरपूर पाणी घातल्यावर ती किती जड लागते ते एकदा हाताला समजलं की पुढे हातच सांगतो. दुकानातल्या कुंडीत पीट असतं, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाची हलकी माती. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, वरून घातलेलं पाणी कडेने सरळ खाली उतरतं. बशीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं पोटभर झालं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाठाक असतो. असं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, मग नीट निथळू द्या. बशीतलं पाणी फेकून द्या.

आत आणल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खालची काही पानं पिवळी होऊन गळतातच. बाहेरच्या भरपूर उजेडाच्या हिशेबाने झाडाने पानं धरलेली असतात, आत तेवढी पोसवत नाहीत. हा आजार नाही. इथे घाबरून पाणी आणि खत दोन्ही वाढवणं, एवढ्यानेच माझा पहिला गुलाब गेला. पानं कमी झाली की झाड पाणीही कमी पितं.

हवेच्या कोरडेपणाबद्दल लोक पहिला सल्ला देतात तो पानांवर पाणी शिंपडण्याचा. त्याचा ओलावा दहा-पंधरा मिनिटांत उडून जातो. दाट पानांत रात्रभर पाणी राहिलं तर मात्र काळे ठिपके पडायला वाव मिळतो. बाहेर उणे १५ अंश असताना आत येणाऱ्या हवेत वाफ नावालाच असते, आणि ती २१ अंशांपर्यंत तापवली की आणखी कोरडी होते. माझ्या खोलीतलं आर्द्रतामापक फेब्रुवारीत २२ टक्के दाखवत होतं. सगळ्या घराची आर्द्रता ५० टक्क्यांवर नेऊ म्हटलं तर खिडक्यांच्या काचांवर पाणी धरतं, चौकटीत बुरशी येते. म्हणून मी सगळ्या कुंड्या एका कोपऱ्यात आणल्या आणि त्यांच्याजवळ एक छोटा ह्युमिडिफायर ठेवला. तेवढ्या कोपऱ्यात ४० ते ४५ टक्के राहते आणि गुलाबांना ते पुरतं.

उजेडाला मात्र पर्याय नाही. दक्षिणेकडच्या खिडकीतसुद्धा डिसेंबरात पुरत नाही, हे मान्य करायला मला तीन वर्षं लागली. चार फुटी एलईडीच्या दोन साध्या नळ्या, पांढऱ्या उजेडाच्या, शेंड्यांपासून १५ ते २० सेंटीमीटर वर टांगल्या आहेत. महागडे जांभळे दिवे लागत नाहीत. टायमरवर रोज १५ तास. दोन्ही मिळून ४० वॅट धरले तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट वीज. दिवा दूर टांगला की उजेड झपाट्याने कमी होतो, तेव्हा झाड वाढेल तशी साखळी वर घेऊन अंतर तेवढंच ठेवायचं. गुलाबाला फुलण्यासाठी दिवस लहान-मोठा व्हावा लागत नाही, त्याच्या रक्तात चिनी गुलाबाचा बारमाही फुलण्याचा गुण आहे. त्याला फक्त एकूण उजेड पुरेसा हवा. जानेवारीत दिव्याखाली पहिली कळी आली, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं होतं.

आणि गारव्याला घाबरू नका. आजच्या मिनी गुलाबांच्या पूर्वजांपैकी एक, रोझा रुलेटी, गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगरी गावात सापडला, तोच मुळी घरांच्या खिडक्यांत ठेवलेल्या कुंड्यांत. त्या खिडक्यांखाली गरम हवेची जाळी नव्हती. दिवसा १८ ते २० आणि रात्री १२ ते १५ अंश हे या झाडाला फार मानवतं, आणि अशा हवेत कोळीही मंदावतो. बेसमेंटमधली न वापरलेली गार खोली आणि त्यात दिवा, ही माझ्या मते सगळ्यात चांगली जागा.

बाकीचे त्रास लहान आहेत. पानावर पिठूळ पांढरा थर आला तर ती भुरी. बाधलेली पानं काढा, कुंड्यांत अंतर ठेवा, छोटा पंखा मंद लावा. मातीवरून काळ्या बारीक माश्या उडत असतील तर पाणी जास्त होतंय. वरचा बोटभर थर वाळू द्या, आणि शेणखत घातलं असेल तर पुन्हा घालू नका. नवीन कोंबावर मावा दिसला तर बोटांनीच पुसून काढा.

दिवे आणि ह्युमिडिफायर यातलं काही जमणारं नसेल तर दुसरा रस्ता आहे, झाडाला झोपवायचं. त्यासाठी ते लवकर आत आणूच नका. ऑक्टोबरभर बाहेर गारव्यात राहू द्या, दोन-चार रात्री दव गोठून पानं झडू लागली की गार जागी हलवा. ऑंटारिओतल्या बऱ्याच घरांना पुढच्या पोर्चखाली काँक्रीटची कोल्ड रूम असते, जिथे लोक बटाटे आणि लोणची ठेवतात. तिथे हिवाळाभर शून्याच्या थोडं वर तापमान राहतं आणि गुलाब छान झोपतो. उजेड लागत नाही, कारण पानंच नसतात. तीन-चार आठवड्यांतून एकदा अर्धी वाटी पाणी, माती अगदी भुकटी होऊ नये एवढंच. गराजमध्ये ठेवणार असाल तर आधी आठवडाभर तिथे थर्मामीटर टांगून बघा. फांद्या बरीच थंडी सोसतात, पण लहान कुंडीत मुळं सगळ्या बाजूंनी उघडी असतात. कुंडी दिवसेंदिवस दगडासारखी गोठून राहिली तर मुळं जातात. अर्धवट उबेच्या जागी, म्हणजे १०-१२ अंशांच्या अंधारात, मात्र झोपवू नका. झाड ना झोपतं ना जगतं, पांढरे कोंब काढून संपून जातं.

आत्याची छाटणी इथेही करायची आहे, फक्त मार्चमध्ये. दिवस १२ तासांचा होतो, तेव्हा एक तृतीयांश उंची ठेवून बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्यावर तिरका काप द्या. कोंब बोटभर झाले की अर्ध्या ताकदीचं खत सुरू करा. झोपवलेलं झाड याच सुमाराला खिडकीत आणा.

बाहेर काढण्याची घाई नको. एप्रिलमध्ये एखादा दिवस १८ अंशांचा उजाडतो आणि पुढच्याच रात्री दव गोठतं. इथले जुने बागवाले मेच्या उत्तरार्धात येणाऱ्या व्हिक्टोरिया डेच्या लाँग वीकेंडपर्यंत थांबतात, तेच बरोबर आहे. त्याआधीचे आठ-दहा दिवस कुंडी रोज थोडा वेळ बाहेर सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग दिवसभर. थेट उन्हात ठेवलीत तर पानं पांढरी पडतात. तसं झालंच तर ती पानं तोडू नका, कुंडी सावलीत घ्या, दोन आठवड्यांत बगलेतून नवी फूट येते.